शिस्त, चाप आणि मूठ : नेमबाजीच्या इतिहासातला हात

इंदूर, देवास, धार या आपल्या टापूतल्या जुन्या वाड्यांत दसऱ्याच्या पूजेला जी हत्यारं बाहेर निघतात, त्यांच्या याद्या करायचं काम आपल्या मंडळातल्या काही जणांनी चालवलं आहे. काम चांगलं आहे. त्या याद्या मी नीट वाचल्या. नळीची लांबी आहे, कोफ्तगारीचं वर्णन आहे, चांदीचे पट्टे किती तेही आहे. पण मूठ केवढी, चाप कुठे, मुठीच्या मागच्या खाचेपासून चापापर्यंत अंतर किती, हे एकाही यादीत नाही. ही वस्तू कुणाच्या तरी हातात होती, त्या हाताला पाच बोटं होती आणि त्यातलं एक बोट ठरावीक जागी टेकत होतं, हे आपण नोंदवतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अचूकतेचा इतिहास जितका नळीचा आहे तितकाच, किंबहुना जास्तच, मुठीचा आणि त्या एका बोटाचा आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तर नक्कीच.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण शब्द आपल्या घरातलाच आहे. 'शिस्त' म्हटलं की आज आपल्याला शाळेतली रांग आठवते. जुन्या मराठीत मात्र शिस्त म्हणजे नेम. शिस्त धरणे, शिस्त लावणे म्हणजे बंदुकीचा किंवा तोफेचा नेम धरणे. शब्द फारसीतून आला. तिथे 'शस्त' म्हणजे आधी अंगठा, मग तिरंदाज अंगठ्यात घालतो ते कडं. युरोपातला तिरंदाज दोन-तीन बोटांनी प्रत्यंचा ओढायचा. इराण, मध्य आशिया आणि मोगल हिंदुस्थानात ती अंगठ्याने ओढत, आणि अंगठा कापू नये म्हणून त्यात शिंगाचं, हस्तिदंताचं किंवा जेडचं कडं घालत. शाहजहानचं नाव कोरलेलं असं जेडचं कडं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. बाण सुटण्याची वेळ यायची तेव्हा सगळं काही त्या अंगठ्यावर अवलंबून. दोर हिसका न देता सुटला तर बाण सरळ, अंगठा अडखळला तर बाण भलतीकडे. म्हणून सोडणाऱ्या बोटाचं नाव नेमालाच मिळालं. डोळ्याला नाही मिळालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे नेमाचा नेमकेपणा वागण्यात शिरला आणि शिस्त शाळेत पोचली.

आता 'चाप' आणि 'घोडा'. बोलताना आपण दोन्ही एकच करून टाकतो, "घोडा दाबला" म्हणतो. घोडा म्हणजे वरचा, जो चढवायचा आणि जो खाली आपटतो. चाप म्हणजे खालचा, बोटाने ओढायचा. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, म्हणून दोन्हींचा धागा जोडायचा मोह होतो, पण मराठीत 'चापणे' हे क्रियापद शेजारीच बसलेलं असताना एवढ्या लांब जायचं कारण नाही. पुढची माशी मात्र सगळ्यांना माहीत असते. नळीच्या टोकावरचा तो बारीक ठिपका. माशी बसल्यासारखाच दिसतो, दुसरं काही नाव शोभलंच नसतं.

वाड्यांत सगळ्यात जास्त सापडते ती तोड्याची बंदूक. तिचा चाप ओढला की जळता तोडा धरलेला घोडा हळूहळू खाली येतो आणि रंजकीला टेकतो. रंजक पेटते, ज्वाला कानातून आत शिरते, मग बार. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत घोडा खाली नेण्याचं काम प्रत्यक्ष बोटच करतं. बोट जितकं सरकेल तितका घोडा सरकेल. चाप लांब, ओढ लांब, आणि बोट थांबल्यावरही बार व्हायला थोडा वेळ. तेवढा वेळ नळी स्थिर धरून ठेवायची. ज्यांनी या बंदुकीने शिकारी केल्या त्यांच्या हाताची कल्पना करून बघा.

चकमकीची बंदूक आली आणि बोटाचं काम बदललं. घोडा आधीच चढवून ठेवलेला, आत कमान ताणलेली, आणि एका छोट्या अडणीने ती अडवलेली. आता बोटाने काहीही ढकलायचं नव्हतं, फक्त अडणी मोकळी करायची होती. तिरंदाजाचा अंगठा जसा सोडायचा, तसं हे बोट सोडू लागलं. बंदुकीचा इतिहास लिहिणारे या बदलाकडे दारूगोळ्याच्या सोयीच्या नजरेने बघतात: पावसात तोडा विझायचा, चकमक त्या मानाने बरी, वगैरे. ते खरंच आहे. पण हाताच्या दृष्टीने पाहिलं तर हा बदल जास्त मोठा आहे.

एवढं होऊनही पायदळात बोटाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयनने जी कवायती पलटणं उभी केली, त्यांचं सगळं बळ एकदम झाडलेल्या फैरीत होतं. शंभर जणांनी एका हुकमावर चाप ओढायचा, मग एकट्याचं बोट कसं टेकलंय याची चौकशी कोण करणार? एकट्याच्या बोटाची चौकशी झाली ती शिकारीत आणि पिस्तुलात.

पिस्तूल हे मुळात स्वाराचं हत्यार. एक हात लगामात, म्हणून दुसऱ्या एकाच हाताने उडवायचं. आजही ऑलिम्पिकच्या पिस्तूल प्रकारांत एकच हात चालतो, मनगटाला कसलाही टेकू चालत नाही, मूठ मनगटाच्या मागे जाता कामा नये असा नियम आहे. लगाम गेला, घोडे गेले, दुसरा हात मात्र अजून खिशातच. नेमबाज खरोखरच तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून उभे राहतात. (जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. १८९६ साली मुंबईच्या ससून डॉकवर बोटीतून उतरताना तरुण चर्चिलचा उजवा खांदा निखळला. तो पुढे कायमचा कमजोर राहिला, म्हणून १८९८ साली सुदानातल्या ओमदुर्मानच्या स्वारीत त्याने तलवारीऐवजी माउझर पिस्तूल धरलं.)

मुठीबद्दल बोलायचं तर आधी एक भ्रम काढून टाकला पाहिजे. कुठल्याही संग्रहालयात जा, तलवारीच्या कपाटापाशी कोणीतरी म्हणतोच, "मूठ बघा केवढीशी, त्या काळी माणसांचे हात लहान होते." अंगरखे अवाढव्य, चिलखतं रुंद, आणि हात तेवढे लहान? हिंदुस्थानी तलवारीची मूठ मुद्दाम घट्ट केलेली असते. वर आडवी पारज, खाली गोल वाटी, या दोहोंमध्ये मूठ अडकून बसते. आपल्यातले बरेच जण ती हातोडीसारखी धरून बघतात आणि वाटी मनगटाला टोचली की हात लहान होते असा निष्कर्ष काढतात. तर्जनी पारजेवरून पुढे टाका, मनगट वाकवण्याऐवजी खांद्यातून हात फिरवा, मग ती मूठ बरोबर बसते. हत्याराने हाताला अमुक एकाच पद्धतीने धरायला भाग पाडावं, ही कल्पना आपल्या कारागिरांना पक्की ठाऊक होती.

आजच्या पिस्तूल नेमबाजाची लाकडी मूठ पाहिलीत तर तुम्हाला हीच कल्पना दिसेल. तळहाताखाली सरकता टेकू, अंगठ्याला कट्टा, बोटांना खाचा. विकत आणलेली मूठ कुणीच तशी वापरत नाही. कानस घेऊन इथे घास, तिथे लाकडाची पुट्टी भर, असं महिनोन्‌महिने चालतं. अशी मूठ दुसऱ्याच्या हातात दिली की ती त्याला टोचते.

मला हे हातात घेऊन कळलं ते महूला. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथे राहतात. मूळचे बेळगावकडचे, म्हणून बोलण्यात कानडी हेल. त्यांना मी काका म्हणतो. मी जुन्या पिस्तुलांबद्दल विचारायला गेलो होतो. त्यांनी रिकामं एअर पिस्तूल हातात दिलं आणि म्हणाले, "आधी धरून दाखवा, मग इतिहास सांगा."

मी धरलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. "अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी जितकी वर जाईल तितकी वर सरकवा. हां. आता मधलं बोट आणि अनामिका, ह्या दोघांनीच सरळ मागे ओढून धरायचं. करंगळी नुसती ठेवायची, अंगठा नुसता ठेवायचा. करंगळी आवळली की तोंड खाली जातं बघा." तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग, टोक आणि सांधा यांच्या मधोमध, चापावर. "आणि हे बोट लाकडाला कुठे चिकटू द्यायचं नाही. बोट आणि मूठ यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे."

चिकटलं तर काय होतं? बोट मागे येताना लाकडालाही ढकलतं आणि नळी बाजूला वळते. सांध्याने चाप ओढला की एक प्रकारची ओढ, अगदी टोकाने ओढला की दुसरी. आणि बार आत्ता होणार या अपेक्षेने सगळी मूठच एकदम आवळली, तर उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे जाते. नवशिक्यांची चाळणी झालेली कागदी लक्ष्यं बघितली की बहुतेकांची भोकं त्याच कोपऱ्यात जमलेली दिसतात. चाप कसा ओढायचा यावर काकांचं उत्तर: "जाम घाट उतरताना सायकलचा ब्रेक कसा दाबता? एकदम दाबलात तर तोंडावर पडाल. वाढवत न्यायचा. बार कधी झाला ते तुम्हाला नंतर कळलं पाहिजे." मग नळीवर रिकामी पुंगळी उभी ठेवून त्यांनी मला चाप ओढायला लावला. पुंगळी पडली. पुन्हा पडली. पंचवीस-तीस वेळा तरी पडली असेल.

यामागचं गणित साधं आहे आणि मला ते सगळ्या तंत्रापेक्षा जास्त पटवून गेलं. एअर पिस्तुलात मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं, लक्ष्य १० मीटरवर. हात थरथरतोच, कुणाचाही. पण अख्खं पिस्तूल आहे तसं एक मिलिमीटर वर-खाली झालं, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. तेच जर माशी खाचेच्या हिशेबात एक मिलिमीटर सरकली, म्हणजे नळी वळली, तर लक्ष्यावर ३१ मिलिमीटरचा फरक पडतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे दहाऐवजी सात. २५ मीटरवर तोच एक मिलिमीटर साडेसात सेंटिमीटरच्या पुढे जातो. थरथर माफ असते, वळणं माफ नसतं. आणि नळीला शेवटच्या क्षणी वळवणारं कोण, तर चापावरचं बोट आणि त्याच्या सोबतीने आवळणारी मूठ. म्हणूनच नेमबाज लक्ष्याकडे बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. नजर माशीवर, लक्ष्य धूसर. डोळ्याचं काम हात वळला का यावर पाळत ठेवणं. "घारीसारखी नजर" वगैरे आपण जे कौतुकाने म्हणतो ते पिस्तुलाच्या बाबतीत थोडं चुकतंच.

हाताच्या बाजूने एवढं बोलल्यावर हंगेरीच्या कारोली ताकाचचं नाव घ्यायलाच हवं. हा हंगेरियन सैन्यातला सार्जंट, उत्तम पिस्तूल नेमबाज. १९३६ च्या ऑलिम्पिक संघात त्याला जागा मिळाली नाही, कारण तिथे फक्त अधिकाऱ्यांना घेत. १९३८ साली सरावात हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. नेम धरणारा, चाप ओढणारा तोच हात. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ साली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्धामुळे ऑलिम्पिक झालंच नाही. १९४८ साली लंडनला रॅपिड फायर पिस्तुलात त्याने ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं, १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा घेतलं. डोळे तेच होते, शरीर तेच होतं. नवा फक्त हात होता, आणि त्याला मूठ कशी धरायची, बोट कुठे टेकायचं हे पहिल्यापासून शिकवावं लागलं.

दुसरं नाव याहून विलक्षण. सोव्हिएत संघातल्या मिखाइल मार्गोलिनने बनवलेलं .२२ चं पिस्तूल जगभरच्या नेमबाजांनी वापरलं. मार्गोलिन तरुणपणी जखमी होऊन पूर्ण आंधळा झाला होता. त्याने आराखडे कागदावर काढले नाहीत, मेण-मातीचे नमुने हाताने चाचपून केले. ज्याला माशी कधीच दिसणार नव्हती त्याच्या पिस्तुलावर लोकांनी पदकं मिळवली. याच काळात सोव्हिएत कारागिरांनी एक उलटं पिस्तूलही बनवलं, ज्यात नळी मुठीच्या वर नसून हाताच्या पातळीखाली होती, म्हणजे धक्क्याने तोंड वर उसळणार नाही. पुढे नियम करून ते बंद केलं. मला तर ते नियम म्हणजे हाताचा इतिहासच वाटतात. एअर पिस्तुलाच्या चापाला निदान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे, २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला चापाची मर्यादा नव्हती. तिथे बोट नुसतं लागलं तरी बार व्हावा इतका हलका चाप ठेवत, आणि मूठ अख्ख्या पंजाभोवती लपेटलेली. तो प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेला. रॅपिड फायरमध्येही २००५ पर्यंत हलका चाप आणि लपेटलेली मूठ चालायची, मग नियम बदलले आणि नेमबाजांना बोट पुन्हा घडवावं लागलं.

रॅपिड फायर म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या अंतराने उभी पाच लक्ष्यं, हात खाली ४५ अंशात, इशारा मिळाला की उचलायचा आणि पाचांवर पाच गोळ्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत हात उचलणं आणि पाच वेळा चाप ओढणं. इथे मूठ नव्याने जुळवायला वेळच नसतो, ती पहिल्याच झटक्यात बसलेली हवी.

आणि या प्रकारातला हिंदुस्थानचा मोठा धडा आपल्या शेजारी घडला. महू आपल्यापासून तासाभरावर. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यातून महूची छावणी बसली. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपण तिथे जातो, आणि त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करातले सुभेदार, हेही आपल्याला ठाऊक असतं. पण १९९३ पासून लष्कराची नेमबाजी तुकडी, आर्मी मार्क्समनशिप युनिट, तिथे आहे, हे इंदुरातल्या कितीजणांना माहीत आहे? हिमाचलचे सुभेदार विजय कुमार तिथेच घडले. प्रशिक्षक होते रशियाचे पावेल स्मिर्नोव. ३ ऑगस्ट २०१२ ला लंडनमध्ये त्यांनी रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य घेतलं. अंतिम फेरीत चाळीसपैकी तीस वेध, सुवर्ण घेणाऱ्या क्यूबाच्या लेउरिस पुपोचे चौतीस. मराठी माणसाला जवळचं नाव हवं असेल तर कोल्हापूरच्या राही सरनोबत आहेत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात शूट-ऑफपर्यंत ताणून सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. होळकरांच्या पराभवावर बसलेल्या छावणीवर आपल्या मंडळात तीन-चार निबंध झाले, नेमबाजीवर एकही नाही. तिथले जुने उस्ताद अजून आहेत, त्यांच्याकडे बोलायला भरपूर आहे, आणि ते वयाने माझ्याहूनही पुढे आहेत.

आता याद्यांकडे. ज्यांना पुढच्या खेपेला वाड्यांत जायचं आहे त्यांनी तीन मापं घ्यावीत अशी माझी विनंती आहे: मुठीचा घेर, बेचकी जिथे बसते तिथून चापापर्यंतचं अंतर, आणि चापाची झीज कुठल्या बाजूला आहे. झीज विशेष बघा. माझ्या पाहण्यात आलेल्या एका चकमकीच्या पिस्तुलाचा चाप मधोमध झिजलेला नाही, डाव्या कडेला गुळगुळीत झाला आहे, आणि मुठीवरचं लाकूड बेचकीच्या जागी काळपट चकाकतं. मी माझं बोट तिथे टेकवून पाहिलं. पेराचा मऊ भागच तिथे येतो, सांधा येत नाही. कोण स्वार होता ते घरच्यांनाही सांगता येत नाही, पण तो चाप कसा ओढायचा हे त्या लोखंडावर आहे.

आणि मोजायच्या आधी एक गोष्ट विसरू नका. जुन्या तोंडभरणीच्या नळ्यांत शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. गज किंवा लाकडी काठी सावकाश आत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी नळीवर बाहेरून ठेवून बघा. काठी कानापर्यंत पोचली नाही तर हात लावू नका, माहीतगाराला बोलवा. घोडा चढवून बघायचा तर अजिबात नाही, आणि तोवर बोट चापाच्या बाहेर.